ऑनलाइन वर्गातील मराठीचे अध्यापन : उधन्याच्या अनुभवातून काही कार्यपद्धती

महाविद्यालयीन शिक्षणात ऑनलाइन अध्यापन आता आपत्काळापुरते उरलेले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ते घाईघाईने स्वीकारावे लागले हे खरे. पण त्याची सैद्धांतिक आणि कायदेशीर पायाभरणी त्याआधीच झाली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनुसार 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा दिली आणि २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. 'स्वयम्'चे औपचारिक उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले. मे २०२१ मध्ये आयोगाने मिश्र अध्यापनाविषयी जे टिपण चर्चेसाठी ठेवले, त्यातही अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना होती. म्हणजे पदवीचा विद्यार्थी आपल्या शिक्षणाचा बराच भाग पडद्यावर घेऊ शकेल, हे धोरणाने गृहीत धरले आहे. तेव्हा 'ऑनलाइन शिकवावे की नाही' हा प्रश्न मागे पडला असून 'ऑनलाइन चांगले कसे शिकवावे' हा प्रश्न आपल्यासमोर आहे.

या प्रश्नाची उत्तरे देणारे साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे. त्यातील विद्यार्थ्याजवळ स्वतःचा संगणक, स्वतःची खोली आणि स्वतःचा वेळ असतो. प्रस्तुत लेखातील विद्यार्थी वेगळा आहे. तो सुरतमधील उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहतो, मराठी विषय घेऊन पदवी करू पाहतो आणि यांपैकी एखादीच गोष्ट त्याच्याजवळ असते. त्याच्यासाठी कोणत्या पद्धती उपयोगी पडतात आणि का, हे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे. लेख साहित्याच्या अध्यापकाचा आहे, शिक्षणशास्त्रज्ञाचा नाही; त्यामुळे भर सिद्धांतावर कमी आणि रोजच्या कामावर अधिक आहे.

१. विद्यार्थी कोण?

उधना जंक्शन हे ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाचे एक टोक. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव असे करीत हा मार्ग जळगावला पोचतो. नवापूरच्या फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि एक महाराष्ट्रात आहे. या सुमारे ३०० किलोमीटरच्या मार्गानेच खानदेश सुरतेत आला. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, भरतकामाची यंत्रे आणि रिंग रोडवरचे कापड बाजार यांनी या माणसांना काम दिले. सुरत महानगरपालिका गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. त्यांतील मराठी शाळा या वस्तीतूनच उभ्या राहिल्या आणि टिकल्या.

आपला विद्यार्थी या घरातला आहे. घरात आजी अहिराणी बोलते, गल्लीत हिंदी चालते, दुकानात व कचेरीत गुजराती लागते आणि पुस्तकात प्रमाण मराठी भेटते. अनेक मुले दिवसा कापड बाजारात बिले करतात, पार्सले बांधतात, किंवा यंत्रावर पाळी करतात. अनेक मुली घरी साड्यांचे दोरे कापण्याचे, लेस वा टिकल्या लावण्याचे काम नगावर करतात. घरात स्मार्टफोन एखादाच असतो आणि तो बहुधा कमावत्या माणसाबरोबर बाहेर जातो. सकाळी अकराचा थेट तास हा अशा विद्यार्थ्यासाठी सुविधा नाही. तो त्याच्या हजेरीतला एक खाडा आहे.

येथे पणाला काय लागले आहे, तेही स्पष्ट म्हणायला हवे. महाराष्ट्राबाहेर मराठी हा विषय घेणारे विद्यार्थी मुळातच मोजके असतात. इंग्रजीच्या वर्गातून दहा जण गळाले तर वर्ग चालू राहतो. मराठीच्या वर्गातून दहा जण गळाले तर पुढच्या वर्षी विषय चालू ठेवायचा की नाही, असा प्रश्न निघतो. त्यामुळे ऑनलाइन अध्यापनाचा दर्जा हा आपल्याकडे केवळ गुणवत्तेचा मुद्दा राहत नाही. विषय टिकण्याशी त्याचा संबंध आहे.

२. आपत्कालीन सोय आणि नियोजित अध्यापन

मार्च २०२० मध्येच चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात महत्त्वाचा भेद केला होता. संकटात वर्गातले व्याख्यान जसेच्या तसे दूरस्थ माध्यमात नेणे वेगळे आणि पहिल्या दिवसापासून ऑनलाइन माध्यमासाठी आखलेले अध्यापन वेगळे. पहिल्यावरून दुसऱ्याची परीक्षा करू नये, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे ही गल्लत अजून चालते. पन्नास मिनिटांचे व्याख्यान पडद्यावर केले, समोर काळ्या चौकटी दिसल्या, आणि 'ऑनलाइनमध्ये काही होत नाही' असा निष्कर्ष निघाला. खरे तर तेथे माध्यमाची परीक्षा झालीच नव्हती.

नियोजित दूरशिक्षणाची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. मुक्त विद्यापीठांची स्वयं-अध्ययन पुस्तके उघडून पाहावीत. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मधेमधे 'आपली प्रगती तपासा' असे छोटे प्रश्न, शेवटी सारांश आणि सरावासाठी स्वाध्याय, अशी त्यांची रचना असते. शिक्षक समोर नाही हे धरूनच ही पुस्तके लिहिली जातात. 'स्वयम्'ची चार अंगेही याच विचारातून आलेली आहेत : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चापीठ आणि मूल्यमापन. यांतील चित्रफीत हे एकच अंग धरून बाकी तिन्ही सोडली, की अभ्यासक्रम लंगडा होतो.

अमेरिकी दूरशिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी सांगितलेले एक सूत्र येथे कामाचे आहे. दूरशिक्षणातले खरे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला संवाद किती आणि अभ्यासक्रमाची रचना कशी, यावर ते कमी-जास्त होते. शेवटच्या बाकावर तीन वर्षे मुकाट्याने बसून गेलेला विद्यार्थी आपल्यापासून फार दूर होता. उलट पांडेसऱ्याहून रात्री दहाला आपले चार ओळींचे उत्तर पाठवणारी आणि त्यावर शिक्षकाचा अभिप्राय ऐकणारी विद्यार्थिनी जवळ असू शकते.

३. उपयोगी पडणाऱ्या कार्यपद्धती

३.१ तासाचे तुकडे करणे. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन व्यासपीठावरील ६९ लाख प्रेक्षणसत्रांचा अभ्यास केला. चित्रफीत कितीही लांब असली, तरी ती पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही असे त्यांना दिसले. हे निष्कर्ष परदेशी विद्यार्थ्यांवरून काढलेले असले, तरी लहान तुकड्याचा फायदा आपल्याकडे आणखी एका कारणाने आहे. पाळीवरून घरी येताना शहर बसमध्ये आठ मिनिटांचा पाठ ऐकता येतो. पन्नास मिनिटांचा ऐकता येत नाही.

तुकडे करणे म्हणजे लांब ध्वनिमुद्रण मधे कापणे नव्हे. प्रत्येक तुकड्यात एकच प्रश्न असावा. 'मराठी नवकथा' हा एक तुकडा होऊ शकत नाही. 'नवकथेत कथानकाचे महत्त्व कमी का झाले?' हा होऊ शकतो. तुकड्याच्या आरंभी तो प्रश्न सांगावा, शेवटी विद्यार्थ्याने काय करायचे ते सांगावे.

साहित्याच्या विषयात बऱ्याच वेळा चित्राची गरजच नसते. ३२ किलोबिट प्रति सेकंद या दराने ध्वनिमुद्रित केलेला दहा मिनिटांचा आवाज सुमारे २.४ मेगाबाइटमध्ये मावतो, तर तासाभराच्या थेट दृश्य वर्गाला शेकडो मेगाबाइट लागतात. घरात दिवसाचा डेटा तिघांत वाटला जात असेल, तर हा फरक विद्यार्थ्याला वर्गात ठेवतो किंवा बाहेर काढतो. ध्वनिफितीबरोबर एका पानाचे मुद्दे छायाचित्र वा पीडीएफ रूपात दिले, तर फळ्याची उणीव पुष्कळशी भरून निघते.

३.२ थेट वर्ग थोडा, पण ज्यासाठी तो हवा त्यासाठीच. जे मुद्रित करून देता येते ते थेट वर्गात सांगू नये. थेट वर्गात तीन गोष्टी कराव्यात : मोठ्याने वाचन, शंका आणि मतभेद. आठवड्यातून एकदा, रात्री नवानंतर किंवा रविवारी सकाळी, चाळीस मिनिटे पुरतात. वेळ ठरवताना विद्यार्थ्यांना विचारावे आणि एकदा ठरलेली वेळ सत्रभर बदलू नये. पाळीत काम करणाऱ्याला बदलती वेळ जुळवता येत नाही.

कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये. दहा बाय दहाच्या खोलीत मागे कोणी स्वयंपाक करते, कोणी झोपलेले असते. ते वर्गाला दाखवावे की नाही, हा निर्णय विद्यार्थ्याचा आहे. त्याऐवजी आवाज मागावा. 'कुणाला काही विचारायचे आहे का?' या प्रश्नाला ऑनलाइन वर्गात नेहमीच शांतता मिळते. त्यापेक्षा आदल्या दिवशी चार नावे कळवावीत : 'उद्या हा परिच्छेद तुम्ही वाचायचा, आणि त्यातला न कळलेला एक शब्द सांगायचा.' तयारीला वेळ मिळाला की लाजरी मुलेही बोलतात. येथे प्रत्यक्ष वर्गापेक्षा ऑनलाइन वर्गच अधिक उदार ठरतो.

३.३ पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत अधिक आठवले. पण आठवड्यानंतर, पुन्हा न वाचता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. आपल्या कीर्तनकारांना आणि पाठशाळेतल्या गुरुजींना ही गोष्ट वेगळ्या भाषेत ठाऊक होतीच. ऑनलाइन अभ्यासक्रमात ती सहज बसवता येते. प्रत्येक तुकडा उघडण्याआधी मागच्या तुकड्यावर तीन प्रश्न. गुण नाहीत, पुस्तक मिटून उत्तर लिहायचे, मग स्वतःच पडताळायचे. दर आठवड्याला एक प्रश्न महिन्यापूर्वीच्या घटकावरचा असावा. परीक्षेच्या आदल्या रात्रीची 'गाइड'ची घोकंपट्टी त्याने कमी होते.

३.४ उत्तराला उत्तर. आर्थर चिकरिंग आणि झेल्डा गॅमसन यांनी १९८७ मध्ये पदवी-शिक्षणातील चांगल्या अध्यापनाची सात तत्त्वे मांडली. शिक्षक-विद्यार्थी संपर्क, विद्यार्थ्यांचे परस्परसहकार्य, क्रियाशील अध्ययन, तत्पर अभिप्राय, कामाला दिलेला वेळ, उच्च अपेक्षा आणि भिन्न क्षमतांचा आदर, अशी ती आहेत. ऑनलाइन माध्यमात यांतले 'तत्पर अभिप्राय' हे तत्त्व सर्वांत आधी कोलमडते. विद्यार्थी उत्तर पाठवतो आणि ते विहिरीत टाकलेल्या दगडासारखे नाहीसे होते. आवाजही येत नाही. दुसऱ्या वेळी तो पाठवत नाही.

अध्यापकाच्या वेळेचा हिशेब येथे प्रामाणिकपणे करावा. साठ विद्यार्थ्यांच्या प्रत्येक उत्तराला तीन मिनिटे दिली तर तीन तास लागतात. दर आठवड्याला ते शक्य नसेल, तर वर्गाचे तीन भाग करावेत आणि दर आठवड्याला वीस जणांना सविस्तर अभिप्राय द्यावा. उरलेल्यांना 'मिळाले, वाचले' एवढी पोच द्यावी. मग तीन आठवड्यांत प्रत्येकाला शिक्षकाचा आवाज एकदा स्वतःसाठी ऐकू येतो. अभिप्राय लिहिण्यापेक्षा बोलून पाठवणे सोपे असते आणि त्यात सूर कळतो. 'तुमचा दुसरा मुद्दा चांगला आहे, पण त्याला कथेतला पुरावा हवा' हे वाक्य लाल शाईत कठोर वाटते, आवाजात वाटत नाही. अभिप्रायात एक जमलेली गोष्ट, एक सुधारायची गोष्ट आणि पुढचे एक पाऊल सांगावे. याहून अधिक सांगितलेले कानात राहत नाही.

३.५ चर्चेचा प्रश्न चर्चेजोगा असावा. 'कादंबरीची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नावर चर्चा होत नाही. पहिल्याने लिहिलेले उत्तर बाकीचे उतरवतात. ज्याचे उत्तर प्रत्येकाच्या अनुभवातून वेगळे येईल असा प्रश्न द्यावा. स्थलांतरावरची कथा वाचल्यावर 'या कथेतल्या माणसाला गाव कधी परके झाले? कोणत्या वाक्यापाशी?' असे विचारले, तर ज्याच्या घरचे दर उन्हाळ्यात अमळनेरला वा शिरपूरला जाऊन येतात, त्याच्याजवळ बोलण्यासारखे पुष्कळ असते. पाच-पाच जणांचे गट करावेत; साठ जणांच्या गटात बोलणारे तेच ते असतात. प्रत्येकाने आपले मत आणि दुसऱ्या एकाच्या मताला दोन ओळींचे उत्तर, एवढीच अट ठेवावी.

४. साहित्य आणि भाषा : विषयाच्या खास गरजा

कविता पडद्यावर शिकवता येत नाही, असे पुष्कळांना वाटते. बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण घेऊ. जळगावजवळच्या असोद्याच्या या कवयित्रीला (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात काम करताना तिने रचलेली गाणी पुत्र सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून घेतली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. म्हणजे ही कविता आधी कानावर पडली, मग कागदावर आली. तिचा पाठ ध्वनिफितीने सुरू करणे ही तडजोड ठरत नाही. तो तिचा मूळ मार्गच आहे.

मग क्रम असा ठेवता येतो. पहिल्या दिवशी केवळ ऐकणे, अर्थ न सांगता. दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तकातली कविता समोर ठेवून ऐकणे आणि न कळलेले शब्द टिपणे. तिसऱ्या दिवशी ते शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणे. पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्याला यासाठी टीपा लागतात; उधन्याच्या विद्यार्थ्याच्या घरात टीपा बोलत असतात. बहिणाबाईंची लेवा बोली आणि घरातली अहिराणी एक नाहीत, आणि त्यांतले फरक आजीकडून समजून घेणे हाही बोलीअभ्यासच आहे. चौथ्या दिवशी शब्दकोश. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुले आहेत, मराठी विश्वकोशही आंतरजालावर वाचता येतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जे खंड कपाटात कुलूपबंद असत ते आता फोनवर आहेत. ते कसे पाहायचे, हे मात्र शिकवावे लागते. पाचव्या दिवशी विद्यार्थ्याने कविता स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवायची.

या पाच दिवसांत शिक्षक एकूण वीस मिनिटेही बोललेला नसतो. पण विद्यार्थ्याने कविता ऐकली, वाचली, विचारली, शोधली आणि म्हटली. शिवाय अभ्यासाच्या निमित्ताने घरातली बोली प्रथमच पुस्तकाच्या बरोबरीने बसली. 'आमची भाषा अशुद्ध' अशी शाळेपासून मनात बसलेली समजूत सैल व्हायला याहून चांगला उपाय नाही.

व्याकरणाच्या पाठालाही परिसराचा उपयोग होतो. गुजराती आणि मराठी यांत रूपाने सारखे पण अर्थाने वेगळे शब्द पुष्कळ आहेत. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, मराठीत 'नवरा' म्हणजे पती. गुजरातीत 'खोटो जवाब' हे चुकलेले उत्तर, मराठीत 'खोटे उत्तर' देणारा लबाड ठरतो. हिंदीतली 'शिक्षा' अभ्यासाची, मराठीतली दंडाची. 'आवडवुं' हे गुजराती क्रियापद येण्या-जमण्याचे आहे, मराठीतले 'आवडणे' मनाला रुचण्याचे. म्हणूनच येथला एखादा मुलगा 'मला हे गणित आवडत नाही' म्हणतो, तेव्हा त्याला ते नावडते की येत नाही, हे विचारून घ्यावे लागते. असे शब्द गोळा करून सामायिक तक्ता बनवण्याचे काम गटांना द्यावे. सत्राच्या शेवटी वर्गाने स्वतः बनवलेला छोटा कोश तयार होतो आणि तो कोणत्याही 'गाइड'मध्ये नसतो.

लेखनाबाबत दोन सूचना. पुष्कळ विद्यार्थी फोनवर मराठी रोमी लिपीत लिहितात. पहिल्याच आठवड्यात देवनागरी कळफलक बसवणे हा स्वाध्याय द्यावा. जोडाक्षरे, रफार, 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतल्या 'र'चा फरक, 'ळ' कुठे सापडतो, हे दाखवणारी पाच मिनिटांची फीत पुरते. बोलून टंकलेखन करणाऱ्या सुविधाही वापराव्यात, पण यंत्राने लिहिलेले तपासून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणे हाच शुद्धलेखनाचा सराव करावा. ज्याच्या वाट्याला फोन अर्धा तासच येतो, त्याला वहीत लिहून छायाचित्र पाठवण्याची मोकळीक असावी.

५. मूल्यमापन

ऑनलाइन परीक्षेतल्या नक्कलीची चर्चा नेहमी पहाऱ्याच्या अंगाने होते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सफाईदार मराठी उत्तरे काही क्षणांत देऊ लागल्यावर पहारा आणखीच निरुपयोगी झाला आहे. उपाय प्रश्नात शोधावा लागतो. 'ग्रामीण साहित्याची संकल्पना स्पष्ट करा' याचे उत्तर कुठूनही मिळते. 'आपण ऐकलेल्या एका जात्यावरच्या ओवीची नोंद करा. कोणी, कधी म्हटली ते लिहा. तिची पाठ्यपुस्तकातील ओवीशी तुलना करा' याचे उत्तर घरी जाऊनच मिळते. दुसरा उपाय टप्प्यांचा : आधी मुद्दे, मग कच्चा मसुदा, मग अभिप्रायानंतरचा पक्का मसुदा, आणि गुण तिन्हींना. तिसरा उपाय तोंडी परीक्षेचा. प्रत्येकाशी पाच मिनिटे फोनवर बोलले, तरी त्याने लिहिलेले त्याचे आहे की नाही ते कळते. साठ जणांना पाच तास लागतात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायलाही तितके लागतातच.

६. उपस्थिती आणि गळती

वर्गात कोण येत नाही हे रिकाम्या बाकावरून दिसते. पडद्यावर ते दिसत नाही. म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रमात गळती शोधावी लागते. उपस्थिती जोडणीच्या मिनिटांवर मोजू नये. फोन जोडून ठेवून माणूस माग चालवू शकतो. ती कामावर मोजावी : आठवड्याचा छोटा स्वाध्याय आला की विद्यार्थी हजर. दर शनिवारी दोन आठवडे काहीही न पाठवलेल्यांची यादी करावी आणि त्यांतल्या प्रत्येकाला फोन करावा. गटात जाहीर नाव घेऊ नये. फोनवर 'का आला नाहीत?' याऐवजी 'कुठे अडले?' असे विचारावे. बहुधा कारण अभ्यासाचे नसते : पाळी बदलली, फोन बिघडला, घरात आजारपण, लग्नाची बोलणी. यांतली काही शिक्षकाच्या हातची नसतात. पण मागे राहिलेले तीन स्वाध्याय एका स्वाध्यायात कसे भरून काढायचे, हे सांगणे त्याच्या हाती असते. परतीची वाट ठेवली, तर मुले परततात. ती नसली, तर एकदा मागे पडलेला कायमचा जातो, आणि त्यात मुलींची संख्या अधिक असते, कारण घरातला फोन आणि घरातला वेळ दोन्ही त्यांच्या वाट्याला शेवटी येतात.

७. एका आठवड्याचा आराखडा

वरील पद्धती एकत्र केल्या, तर आठवडा असा दिसतो. सोमवारी सकाळी एक संदेश : या आठवड्याचा प्रश्न, दोन ध्वनिफिती, एका पानाचे मुद्दे आणि वाचायचा उतारा. सर्व साहित्य एकदाच उतरवून घेता यावे, म्हणजे पुढे आठवडाभर जाळे नसले तरी चालते. बुधवारपर्यंत तीन आठवणीचे प्रश्न. शुक्रवारपर्यंत गटातली चर्चा किंवा आठ-दहा ओळींचे उत्तर. शनिवारी शिक्षकाचे अभिप्राय आणि न आलेल्यांना फोन. रविवारी चाळीस मिनिटांचा थेट वर्ग : सुरुवातीला आठवड्यातल्या उत्तरांतली तीन चांगली वाक्ये नावानिशी, मग वाचन, मग शंका. थेट वर्गाचे ध्वनिमुद्रण त्याच रात्री गटावर. हा क्रम सत्रभर बदलू नये. वेळापत्रकाचा कंटाळा शिक्षकाला येतो. विद्यार्थ्याला त्याचा आधार वाटतो.

८. मर्यादा

सर्वच ऑनलाइन करावे असे येथे सुचवायचे नाही. सत्राच्या आरंभी एकदा प्रत्यक्ष भेट व्हावी. चेहरा पाहिलेल्या शिक्षकाला प्रश्न विचारणे सोपे जाते. नाट्यवाचन, काव्यवाचन, भित्तिपत्रक, ग्रंथालयातली शोधाशोध यांना पडदा पर्याय नाही. ज्याच्याजवळ फोनच नाही त्याच्यासाठी मुद्रित साहित्याचा संच आणि महाविद्यालयातील संगणककक्ष संध्याकाळी उघडा असणे, ही संस्थेची जबाबदारी आहे. ती शिक्षकाच्या कल्पकतेवर ढकलता येणार नाही. तसेच ऑनलाइन अभ्यासक्रमात व्याख्यानाचे तास कमी दिसले, तरी तयारीचे आणि अभिप्रायाचे तास वाढतात. कार्यभार मोजताना हे तास धरले गेले नाहीत, तर चांगले शिक्षक पहिल्या वर्षानंतर पुन्हा पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाकडे वळतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

समारोप

ऑनलाइन अध्यापनाची परिणामकारकता यंत्रावर थोडी आणि आखणीवर पुष्कळ अवलंबून असते. एका प्रश्नाचे छोटे पाठ, मोजका पण जिवंत थेट वर्ग, आठवून लिहिण्याचा सराव, ठरल्या दिवशी मिळणारा अभिप्राय, घरच्या भाषेला जागा देणारे स्वाध्याय आणि हरवलेल्याला शोधण्याची शनिवारची यादी, या साऱ्या गोष्टी साध्या फोनवर करता येण्याजोग्या आहेत. उधन्यासारख्या वस्तीत, जेथे विद्यार्थी दिवस बाजाराला आणि रात्र अभ्यासाला देतो, तेथे असा अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गाला जे जमले नाही ते करू शकतो : काम करणाऱ्या मुलाला आणि घरात अडकलेल्या मुलीला मराठीच्या पदवीपर्यंत नेऊ शकतो. आपल्या विद्यार्थ्याला मराठी गुजराती अर्थाने 'आवडली' पाहिजे आणि मराठी अर्थानेही. पहिले साधले तर तो परीक्षा देईल, दुसरेही साधले तर पदवीनंतर वाचत राहील. अभ्यासक्रम आखताना या दोन्ही अर्थांची तरतूद करणे हेच अध्यापकाचे काम आहे.